पिठाचा कोंबडा आणि मातीचं कबूतर



दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगावकडे आपल्या काही जुन्या पाटील-देसाई घरांत शेताच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअरची दुनळी बंदूक अजून आहे. आजोबा गेले, बंदूक राहिली. आता घरातला मुलगा किंवा सूनबाई म्हणते, "क्ले शूटिंग शिकायचंय, हीच बंदूक त्यासाठी बदलून घेऊ का?" घरातल्या बायकांपुढे मग खरा प्रश्न पडतो, की हा खेळ म्हणजे हिंसा आहे का? त्याचं उत्तर शोधायला आधी या खेळाचा इतिहास बघावा लागतो.

तो इतिहास फार सुखद नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरं पेटीत कोंडून ठेवत. नेमबाजाने हाक दिली की दोरी ओढून झाकण उघडत आणि उडालेल्या पाखरावर छर्रे झाडत. त्या पेटीचं नाव 'ट्रॅप', म्हणून खेळही ट्रॅप. 1900 साली पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या वेळीही अशी स्पर्धा झाली. बेल्जियमचा लेऑं द लुंडेन 21 कबुतरं मारून पहिला आला. त्या स्पर्धेत एकूण सुमारे तीनशे पाखरं गेली असं सांगतात. इंग्लंडने कोंडलेल्या पाखरांवरची नेमबाजी 1921 च्या कायद्याने बंद केली.

पर्याय त्याआधीच निघाले होते. अमेरिकेत 1870 च्या दशकात काचेचे गोळे फेकत, आणि त्यातल्या काही गोळ्यांत पिसं भरलेली असत! गोळा फुटला की पिसं उधळावीत, पाखरू मेल्यासारखं दिसावं, ही हौस. मग 1880 मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीच्या थाळीचं पेटंट घेतलं. तेच 'क्ले पिजन', मातीचं कबूतर. आजची थाळी मातीचीही नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांची ती 110 मिलिमीटरची तबकडी असते.

पिसं भरलेला काचगोळा वाचला आणि मला राजा यशोधराची कथा आठवली. सोमदेवसूरींनी 959 मध्ये 'यशस्तिलक' लिहून ती अजरामर केली. राजाला अशुभ स्वप्न पडलं. आई चंद्रमतीने पशुबळीचा आग्रह धरला. राजाला जीव मारायचा नव्हता, म्हणून तडजोड झाली आणि पिठाचा कोंबडा करून तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना मोर, कुत्रा अशा किती योनी भोगाव्या लागल्या. कारण कापताना मनात कोंबडाच होता. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा मात्र पुरती झाली.

म्हणजे मातीचं कबूतरही पिठाचा कोंबडाच का? पिसांच्या गोळ्याबद्दल मी बेधडक हो म्हणेन. आजच्या तबकडीबद्दल तसं म्हणवत नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीटची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि चीनच्या झांग शानने ती जिंकली. 2012 मध्ये शगुन चौधरी ट्रॅपसाठी ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय स्त्री ठरली. या मुलींच्या डोळ्यांपुढे तबकडीचा वेग आणि वळण असतं, पाखरू नव्हे. संकल्प नसेल तर ती संकल्पी हिंसा होत नाही. घरात मात्र एक पथ्य पाळावं. 'कबूतर मारलं' न म्हणता 'तबकडी फोडली' म्हणावं. शब्द भावाला वळण लावतात.

आता बंदुकीचं. नळीच्या तोंडाशी जो किंचित आवळपणा असतो त्याला 'चोक' म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे साधारण एक मिलिमीटरचा आवळपणा. तो छर्रे एकत्र ठेवतो. ट्रॅपमध्ये तबकडी दूर जाते, तिथे आवळ नळीच उपयोगी. स्कीटमध्ये ती जवळून जाते, तिथे मोकळी नळी लागते. म्हणजे ट्रॅपसाठी पुष्कळदा चोक बदलण्याची गरजच नसते. चोक एकदा कोरून मोकळा केला की धातू परत येत नाही. दस्त्याला रबराची गादी लावून लांबी वाढवणं सोपं, आणि ती काढताही येते. जुनी नळी काळ्या दारूसाठीची, वेटोळ्या नक्षीची असेल किंवा तिचा काडतुसाचा कप्पा आखूड असेल, तर आजचं काडतूस त्यात घालणं जिवावर बेतू शकतं. परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. नळी आखूड करणं तर 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना गुन्हा आहे. वारसाने आलेल्या बंदुकीलाही वारसाचा स्वतःचा परवाना लागतो.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतले दोन इथे लागू पडतात. हिंसादान म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं, म्हणून ही बंदूक कुणाला उसनी जाऊ नये. दुसरा प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजी वागणं. एका काडतुसात 24 ग्रॅमपर्यंत शिसं असतं. ते रानात पडतं, पाखरं खडे समजून टिपतात आणि विषाने मरतात. तबकडी वाचवायला गेलो आणि खरं पाखरू मेलं, तर काय मिळवलं? जिथे पडलेलं शिसं गोळा करतात अशाच मैदानावर सराव करावा.

माझं मत असं की खेळ शिकायला क्लबची बंदूक घ्यावी. आजोबांची नळी कोरू नये, फार तर गादी लावावी. त्या बंदुकीने राखण केली, तिचं ते काम संपलं. मुलीला नेम शिकवा, आणि नेमासोबत यशोधराची गोष्टही सांगा.