कंटाळ्याचे खेळ आणि रंजनाचे संकेत : बंगळूर, 2010

व्हिडिओ गेमच्या रचनेत काही संकेत रूढ आहेत. खेळाडूच्या कृतीला तत्काळ प्रतिसाद मिळावा, आव्हान क्रमाने वाढत जावे आणि श्रमांच्या प्रमाणात बक्षीस मिळावे, हे त्यांतील प्रमुख होत. हे संकेत हेतुतः मोडून कंटाळवाणे केलेले खेळ हा निव्वळ विक्षिप्तपणा मानला जातो; वस्तुतः ती रंजनव्यवस्थेची समीक्षा असते.

या परंपरेतील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांसाठी 1995 मध्ये तयार झालेला, परंतु बाजारात कधीच न आलेला 'डेझर्ट बस'. टूसॉन ते लास व्हेगास हा सुमारे आठ तासांचा प्रवास यात प्रत्यक्ष तितक्याच वेळात करावा लागतो. बस सतत उजवीकडे सरकत असल्याने चालकाला उसंत मिळत नाही आणि मुक्कामी पोहोचल्यावर पदरी पडतो केवळ एक गुण.

बंगळूरचा या इतिहासाशी संबंध वेगळ्या बाजूने येतो. 1997 पासून राजेश राव यांच्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह'ने तेथे परदेशी खेळांसाठी चित्ररचना पुरवण्याचा व्यवसाय रुजवला. 2010 मध्ये अमेरिकेतील 'झिंगा' कंपनीने देशाबाहेरील आपले पहिले कार्यालय याच शहरात उघडले. तिच्या 'फार्मव्हिल' (2009) या फेसबुकवरील खेळात पेरायचे, काही तास थांबायचे आणि वेळेवर येऊन कापायचे. उशीर झाला तर पीक वाळे. येथे प्रतीक्षा हाच खेळाचा गाभा होता आणि तीतून सुटण्याच्या सवलती पैशांना विकल्या जात.

त्याच वर्षी इयन बोगोस्ट या प्राध्यापकांनी 'काऊ क्लिकर' रचून या पद्धतीचे विडंबन केले. दर सहा तासांनी एका गाईवर एकदा क्लिक करणे, एवढाच तो खेळ. मात्र विडंबन ओळखूनही हजारो लोक त्यात रमले. 2011 मध्ये गाई नाहीशा केल्यानंतरही काहींनी रिकाम्या जागेवर क्लिक करणे चालूच ठेवले. संकेताचा पोकळपणा उघड केल्याने संकेत मोडत नाही, हे त्यातून दिसले.

मराठी वाचकास येथे मोक्षपटाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. उपलब्ध पट मात्र बरेच उत्तरकालीन आहेत. कवड्यांच्या दानावर सारे अवलंबून असल्याने खेळाडूच्या कौशल्यास त्यात वाव नाही. तरीही सद्गुणाची शिडी व दुर्गुणाचा साप यांमागे कर्मविचार उभा असल्याने ती परवशताच अर्थपूर्ण ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये मुलांचा खेळ झाला आणि कालांतराने त्यातील हा आशय विरून गेला; नियम जवळपास तेच राहिले.

यावरून असे म्हणता येईल, की एखादा खेळ कंटाळवाणा आहे किंवा नाही हे केवळ त्याच्या नियमांवरून ठरत नाही. मोक्षपट, 'फार्मव्हिल' आणि 'काऊ क्लिकर' या तिन्हींत खेळाडूच्या हाती फारसे काही नसते. भेद आहे तो त्याचा वेळ कशासाठी खर्ची पडतो यात. मोक्षपटात तो बोधासाठी, 'फार्मव्हिल'मध्ये विक्रीसाठी आणि 'काऊ क्लिकर'मध्ये ती विक्री दाखवून देण्यासाठी पडे. भारतीय खेळ-उद्योगाचा इतिहास लिहिताना रोजगार व उलाढाल यांच्या जोडीने खेळाडूच्या या वेळेचाही हिशेब मांडला जाणे आवश्यक आहे.