बचत गट
बचत गट (स्वयंसहाय्यता गट) म्हणजे नियमित बचत करून परस्परांना कर्ज देण्यासाठी एकत्र आलेल्या साधारणतः १० ते २० व्यक्तींचा समूह होय. महाराष्ट्रात असे गट प्रामुख्याने महिलांचे आहेत. सदस्यांच्या ठरावीक वर्गणीतून निधी उभा राहतो. आजारपण, शिक्षण, बी-बियाणे अशा गरजांसाठी त्यातून विनातारण कर्ज मिळते व त्याचे व्याज सावकाराकडे न जाता गटातच राहते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड व हिशेबलेखन ही गटाची ‘पंचसूत्री’ मानली जाते. एकीचा हप्ता थकल्यास दुसरीचे कर्ज अडते. त्यामुळे परस्परविश्वास हेच गटाचे तारण ठरते. गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला.