दोष-दायित्व, नव्या घरांचे

नव्या घरात आढळलेले दोष विकासकाने स्वखर्चाने दूर करण्याची कायदेशीर जबाबदारी. महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा कायद्यात त्यासाठी 3 वर्षांची मुदत होती. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14(3) ने ती ताबा दिल्यापासून 5 वर्षे केली. तक्रार आल्यावर दुरुस्ती 30 दिवसांत करायची, न केल्यास भरपाई द्यायची.

खरा झगडा ‘दोष’ कशाला म्हणायचे यावर होतो. पहिल्या पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, बाथरूमखालच्या स्लॅबला गळती लागते. विकासकाचे ठरलेले उत्तर: तुम्ही फरशी बदललीत, वॉटरप्रूफिंग तुम्हीच फोडलेत. अनेक करारनाम्यांत लेखी परवानगीविना केलेल्या फेरफाराने हमी रद्द होते, आणि केसाएवढ्या भेगा तापमानाच्या खात्यावर टाकल्या जातात. म्हणून तारखेसह फोटो, लेखी पत्राची पोच आणि स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल यांना वजन असते. तोंडी आश्वासने साइट ऑफिस बंद होताच हवेत विरतात.

दाद महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, मागता येते, तशीच ग्राहक आयोगाकडेही. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण प्रकरणात 1993 मध्येच ठरवले. 2020 च्या इम्पिरिया स्ट्रक्चर्स निकालाने रेरा आल्यानंतरही ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले.