रानपिंगळ्याची वंशावळ



पहाटेच्या अंधारात कंदील आणि कुडमुडे घेऊन दारोदार फिरणारा पिंगळा आपल्यापैकी वयस्क मंडळींनी पाहिला असेल. पिंगळा पक्ष्याची भाषा आपणांस कळते आणि तीवरून घरधन्याचे भविष्य आपण सांगतो, असा त्याचा दावा. हा जोशी आता क्वचितच येतो. पण ज्याच्या नावावर तो पोट भरी तो ठिपकेवाला पक्षी तेरखेड्याच्या शिवारात, चिंचेच्या ढोलीत आणि पडक्या भिंतीच्या भोकांत अजून नांदतो आहे. आज मी पिंगळ्याचे भविष्य सांगणार नाही; त्याचे भूत सांगणार आहे. भूत म्हणजे भूतकाळ, एवढा खुलासा घुबडाच्या बाबतीत केलेला बरा.

पक्ष्यांचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती? पक्ष्यांनी बखरी लिहिल्या नाहीत. त्यांची हाडे पोकळ व नाजूक, म्हणून दगडात त्यांचे अवशेष टिकतात तेही थोडे. १८६१ साली जर्मनीत बव्हेरियाच्या चुनखडकात पिसांचा आणि दातांचा आदिपक्षी सापडला, आणि पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्यामधला दुवा डोळ्यांना दिसला. पुढे १८६७ मध्ये हक्सलेने टाळूच्या हाडांच्या रचनेवरून पक्ष्यांची घराणी लावली. म्हणजे शरीराचा आकार हाच तेव्हा दस्तऐवज. पण आकार फसवतो. एकच धंदा करणारी दोन परकी माणसे सारखी दिसू लागावीत, तसे पक्ष्यांचे होते. ससाणा आणि घार ही दोघे भाऊ वाटतात ना? गेल्या काही दशकांत जनुकांचे वाचन होऊ लागले, तेव्हा उघड झाले की ससाण्याचे जवळचे नाते पोपटांशी आणि चिमण्यांच्या विशाल गोताशी आहे, घारीशी नव्हे! चोच बाकदार आणि नख्या तीक्ष्ण, एवढ्यावर ही सोयरीक जुळवली गेली होती.

हे झाले दूरचे. आता महाराष्ट्रातल्याच एका भाऊबंदकीकडे वळू. आपल्या गावपिंगळ्याचा एक जंगली नातेवाईक आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, नख्या दणकट, पायांवर पिसे दाट. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात ब्लेविट नावाच्या इंग्रजाने तो मिळवला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूमने त्याचे वर्णन छापले. होय, हाच तो ह्यूम, १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला. त्याच वर्षी त्याने आपला साठ हजारांवर पक्षिनमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. का? तर पंचवीस वर्षांच्या अभ्यासाची त्याची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली, आणि त्याचे मन विटले. इतिहासाची साधने वाण्याच्या पुड्यांत कशी जातात, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको.

ह्यूमला हा पक्षी इतका वेगळा वाटला की त्याने त्याच्यासाठी स्वतंत्र कूळच काढले, हेटेरोग्लॉक्स, म्हणजे ‘निराळे घुबड’. पुढच्या पंडितांनी ते कूळ मोडून त्याला गावपिंगळ्याच्या अथेनी कुळात घातले. अथेन्स नगरीच्या नाण्यांवर जे घुबड असे, ते याच कुळातले. निराळा की घरचा, हा वाद शंभर वर्षांवर चालला. तो मिटवावयाचा कसा? पक्षी हाती असला तर ना! १८८० नंतरच्या चार वर्षांत खानदेशातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने शहादा-तळोदा भागात काही नमुने मिळवले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही. जगातल्या सर्व संग्रहालयांत मिळून त्याची कातडी सातच.

या सातांपैकी एका कातड्यावरील चिठ्ठी सांगत होती की, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन याने हा पक्षी १९१४ च्या ऑक्टोबरात गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मारला. कर्नल मोठे नावाजलेले पक्षितज्ज्ञ. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? सालिम अली आणि रिपली यांच्यासारख्या थोरांनी पुढे रानपिंगळ्याचा शोध घेतला, तेव्हा त्यांचीही या चिठ्ठीने दिशाभूल केली. पक्षी सापडला नाही, आणि तो नामशेष झाला असावा असे मानले जाऊ लागले.

आपल्याकडे वतनाच्या भांडणात बनावट सनदा पुढे येत, आणि इतिहाससंशोधक कागद, शाई, वळण, शिक्का पाहून त्यांचा खोटेपणा उघडा पाडीत. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नेमके हेच केले, फक्त कागदाऐवजी कातडे तपासले. क्ष-किरणांखाली दिसले की हा नमुना उसवून पुन्हा भरलेला व शिवलेला आहे. मूळ भरणीची धाटणी मात्र कर्नलची नव्हे, डेव्हिडसनची! खानदेशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी बांधून, कर्नलने आपल्या नावावर खपवला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे प्रकरण पुराव्यांसह प्रसिद्ध केले. कर्नल १९६७ मध्येच वारले होते, तेव्हा जाब विचारणार कोणाला?

मला या प्रकरणातली चोरी तितकीशी लागत नाही. संग्रहाचा हव्यास माणसाकडून काय काय करवितो हे जुनेच आहे. लागते ते हे की, एका खोट्या गावाच्या नावाने जिवंत पक्षी कागदावर मेला. जो पक्षी मेला असे धरले, त्याच्या जंगलाची काळजी कोण करणार?

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्या हाती घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट प्रथम पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले. तेथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडाच्या उघड्या फांदीवर, भर दिवसा, रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! बिचारा लपलेला कधीच नव्हता. घुबड असून तो दिवसाही वावरतो.

पक्षी मिळाला, तेव्हा वंशावळीचा वाद पुन्हा उभा राहिला. रासमुसेन आणि कॉलर यांचा कल ह्यूमच्या बाजूचा होता. निकाल लागला तो २०१८ मध्ये, आणि तो भारतीय संशोधकांनी लावला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, व्ही. व्ही. रॉबिन आदींनी रानपिंगळा व त्याच प्रदेशात राहणारी इतर छोटी घुबडे यांची जनुके ताडून पाहिली. पद्धत समजावयास कठीण नाही. एकाच पोथीच्या अनेक नकला झाल्या म्हणजे प्रत्येक नकलकाराच्या चुका पुढच्या नकलांत उतरतात. सारख्या चुका असलेल्या पोथ्या एका शाखेच्या, हे आपण ओळखतो. जनुकांतही पिढ्यान्‌पिढ्या असे पाठभेद साठतात. केंद्रकातील जनुके बापाकडून व आईकडून मिळून येतात, तंतुकणिकांतील केवळ आईकडून. म्हणून संशोधकांनी दोन्ही पोथ्या वाचल्या. पाठभेद किती, यावरून शाखा केव्हा फुटली याचाही अंदाज करता येतो.

निकाल असा की, रानपिंगळा अथेनी कुळातलाच आहे. ह्यूमने मांडलेली वेगळी चूल मान्य होत नाही. पण ह्यूमची नजर अगदीच वाया गेली असेही नाही. ही शाखा सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी, कुळाच्या आरंभीच्या वाटणीतच फुटलेली आहे. घर एक, पण वाटणी फार जुनी. सातपुड्यापासून पूर्वेकडे पसरलेल्या मध्य भारताच्या कोरड्या पानगळीच्या रानांत ती वाढली, आणि या देशाबाहेर ती कोठेही नाही.

शहाद्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट येथे, मध्य प्रदेशात व गुजरातेतही हा पक्षी आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईलगतच्या तानसा अभयारण्यात दिसला. तेव्हा अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून काढून २०१८ मध्ये त्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातले. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच धरली जाते. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांची ढोली लागते, शिकारीसाठी मधली मोकळी जागा लागते, आणि सातपुड्याच्या पायथ्याची अशी राने नांगराखाली गेलेली आहेत. डेव्हिडसनने ज्या गावांची नावे आपल्या चिठ्ठ्यांवर लिहिली, तेथे आता बहुतेक शेतेच आहेत, आणि त्या शेतांच्या बांधावर गावपिंगळा बसतो.