हातकणंगले
हातकणंगले : महाराष्ट्र राज्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे 20 किमी. अंतरावर, कोल्हापूर–सांगली मार्गावर हे लहान शहर वसले असून त्याचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील बरीच जुनी गावे नदीच्या घाटाभोवती वाढली. हातकणंगले मात्र नदीकाठचे नाही. उत्तरेकडील वारणा आणि दक्षिणेकडील पंचगंगा या दोन नद्यांमधील उंचवट्यावर ते आहे आणि त्याच्या वाढीची दिशा मुख्यतः या स्थानाने ठरविली.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटलेला पन्हाळा–जोतिबाचा डोंगरफाटा हळूहळू खाली उतरत शहराच्या उत्तरेस आळते आणि बाहुबलीच्या टेकड्यांपर्यंत येतो व पुढे कृष्णाकाठच्या सपाटीत विरून जातो. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून बनलेली नदी असून (लोकश्रद्धेनुसार गुप्त सरस्वती ही पाचवी) ती नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांची सीमा बरीचशी आखणारी वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे त्याच नदीत जाते. दोन्ही नद्यांची पात्रे पश्चिमेकडील पावसावर भरतात. गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी 5,000 मिमी.हून अधिक पाऊस पडत असताना हातकणंगल्याकडे तो 1,000 मिमी.च्याही खाली येतो, त्यामुळे येथील उसाचे मळे पावसापेक्षा उपसा सिंचनावर, म्हणजे नदीतील पाणी पंपाने चढावावरील शेतांत नेण्याच्या व्यवस्थेवर, अधिक अवलंबून आहेत. त्यासाठी ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ उपयोगी पडतात: पावसाळ्यात यांच्या दगडी खांबांमधील फळ्या काढून ठेवल्या जातात व पूर ओसरल्यावर पुन्हा बसवून पाणी अडविले जाते.

पुराचे गणितही याच रचनेतून उलगडते. 2019 च्या महापुरात पुलाची शिरोली येथे राष्ट्रीय महामार्गावर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंद पडली आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावे वेढली गेली. दोन नद्यांमधील उंचवटा हाच त्यामानाने कोरडा पट्टा होय, आणि रस्ता व लोहमार्ग दोन्ही त्यावरून नेलेले आहेत. 1891 मध्ये सुरू झालेला कोल्हापूर–मिरज लोहमार्ग रुकडीजवळ पंचगंगा ओलांडतो व हातकणंगले, जयसिंगपूर अशा स्थानकांवरून कृष्णेकडे जातो.

संस्थानकाळात हा भाग आळते पेट्याचा म्हणून ओळखला जाई (पेटा म्हणजे महसुली उपविभाग). 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तालुक्यातील सर्वांत मोठे शहर मात्र हातकणंगले नसून इचलकरंजी आहे. घोरपडे जहागीरदारांच्या या गावी 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि 2011 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या पावणेतीन लाखांवर गेली. 2022 मध्ये तेथे महानगरपालिकाही झाली. तरीही लोहमार्ग इचलकरंजीला शिवत नाही. तेथील प्रवाशांना हातकणंगले स्थानक गाठावे लागते आणि दोहोंना जोडणाऱ्या लोहमार्गाचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. कचेरी व स्थानक एका गावी आणि संपत्ती दुसऱ्या गावी, अशी ही विभागणी जिल्ह्यात विरळाच. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले हुपरी, बाजारपेठेचे पेठवडगाव आणि ओतकामाच्या कारखान्यांची शिरोली औद्योगिक वसाहत ही तालुक्यातील अन्य केंद्रे होत.

शहराजवळ आळते येथील रामलिंग हे डोंगरातील गुहामंदिर असून तेथे शिवलिंगावर पाणी ठिबकत असते. कुंभोजजवळच्या बाहुबली या जैन तीर्थक्षेत्री 1963 मध्ये 28 फूट उंचीची बाहुबलींची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. या पट्ट्यात शेती करणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे, हे लक्षात घेता या तीर्थाचे महत्त्व यात्रेपुरते मर्यादित राहत नाही. कुंभोज हे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव (1887). रुकडीजवळील माणगाव येथे मार्च 1920 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली व राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित होते. आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तालुक्यातील दुसरे कोणतेही स्थळ माणगावच्या तोडीचे नाही.

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पूर्वीच्या इचलकरंजी लोकसभा मतदारसंघाच्या जागी हातकणंगले मतदारसंघ आला. त्यात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ यांच्यासह वारणेपलीकडचे, सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर व शिराळा हे विधानसभा मतदारसंघ येतात. ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी 2009 व 2014 मध्ये येथून निवडून आले, त्यामुळे शहराचे नाव त्याच्या आकाराच्या मानाने फार दूरवर पोहोचले. वाङ्मयाच्या क्षेत्रात ते समीक्षक म. द. हातकणंगलेकर (1927–2015) यांच्या आडनावातून परिचित आहे. 2008 मध्ये सांगली येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.