शेर, किलो आणि फासळ्या

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, गुलमंडी हा जुना बाजार. इथल्या तराजूंनी शेर-तोळे पाहिले. १९५६च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर किलो आले.

बाजारातला माल तराजूवर तोलता येतो, मांजराची तब्येत मात्र निव्वळ वजनावरून कळत नाही. चार किलो एकाला शोभतात, लहान चणीच्या दुसऱ्याला जड होतात.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. लाफ्लाम यांनी मांजरांसाठी नऊ गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात निवाडा डोळ्यांचा आणि बोटांचा! पाच गुण उत्तम: चरबीच्या पातळ थराखाली फासळ्या सहज हाताला लागाव्यात, वरून कंबर दिसावी. सुटलेल्या पोटाचं कौतुक नको. लठ्ठपणातून मधुमेह जडू शकतो. पण खाणं एकदम तोडणंही घातक, उपाशी लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते.