गुत्तेदार कुठून आला?

पुण्याहून आलेली एक मैत्रीण मागच्या महिन्यात माझ्याकडे राहिली होती. चहाच्या टपरीवर दोघा-तिघांचं पाणीपट्टीवरून चाललेलं बोलणं तिच्या कानावर पडलं. “भरून काय उपयोग? सगळं गुत्तेदाराच्या घशात जातं!” बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, “अगं, गुत्ता म्हणजे तर दारूचा ना? पाण्याचा काय संबंध?”

तिची चूक नव्हती. पुण्या-मुंबईकडे ज्याला कंत्राटदार किंवा ठेकेदार म्हणतात, त्याला आपण मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतो. रस्त्याचा गुत्तेदार, नळाचा गुत्तेदार, शाळेच्या इमारतीचा गुत्तेदार. या एका शब्दात माझ्या संशोधनाचा निम्मा विषय येतो, म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर.

मी मराठवाड्यातल्या शहरांच्या कराचा इतिहास अभ्यासते. विषय सांगितला की बहुतेक जण एकच वाक्य ऐकवतात : “आपल्या लोकांना कर भरायची सवयच नाही.” मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. आता वाटत नाही. का, ते सांगते.

आधी शब्द बघू. गुत्ता, मक्ता आणि इजारा हे तीन शब्द बाहेरच्या भाषांमधून मराठीत आले, पण तिघांचा जुना अर्थ जवळपास एकच : ठरावीक रकमेच्या बदल्यात सरकारचं उत्पन्न वसूल करण्याचा हक्क घेणं. दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात द्यायचं, तो गुत्ता. पुढे दुकानालाच गुत्ता म्हणू लागले. मक्ता ज्याच्याकडे, त्याच्याशिवाय त्या मालाला किंवा वसुलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, म्हणून ‘मक्तेदारी’. म्हणजे तुम्ही रोज वापरता त्या शब्दांमध्ये करवसुलीची एक जुनी पद्धत बसलेली आहे.

ती पद्धत चालायची कशी? एक काल्पनिक हिशेब करू. एखाद्या तालुक्यातून वर्षाला लाखभर रुपये सारा येईल असा अंदाज आहे. सरकारला पैसे आज हवे आहेत. सावकार म्हणतो, “मी 70,000 आत्ता देतो, वसुली माझी.” सरकार सुटलं. आता सावकाराला आपले 70,000 काढायचे आहेत, त्यावरचं व्याज काढायचं आहे, शिपायांचा पगार काढायचा आहे आणि नफाही हवा आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं जास्त बोली लावली तर तालुका हातचा जाणार. मग विहीर दुरुस्त करणं, पडीक जमीन लागवडीला आणणं यात त्यानं पैसे कशाला घालावेत? जे मिळेल ते याच वर्षी ओढून घ्यायचं. शेतकऱ्यानं जास्तीचे दिलेले पैसे सरकारला दिसतच नाहीत, आणि शेतकऱ्याला सरकार दिसत नाही. त्याला दिसतो फक्त दारातला वसुलीवाला.

निजामाच्या राज्यात चंदूलाल यांच्या हाती कारभार होता तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ही पद्धत सर्रास होती. दौलत कर्जात होती आणि सावकारांना तारण म्हणून मुलखाचा महसूल लावून दिला जाई. पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाडातला महसूल असा गेला होता. औरंगाबादच्या टाकसाळीतून याच पेस्तनजींच्या नावानं ओळखलं जाणारं ‘पेस्तनशाही’ नाणंही निघालं. सावकाराच्या नावाचा रुपया! राज्यकर्ता कोण आणि धनको कोण, हे सामान्य माणसानं कसं ओळखावं? आणि हे फक्त निजामाकडेच होतं असं समजू नका. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पेशवाईतही मामलती मक्त्यानं दिल्या जात.

गंमत म्हणजे हेच शहर वसवणाऱ्या माणसानं ही पद्धत मोडली होती. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. नहर-ए-अंबरीनं गावात पाणी आणलं, आणि महसुलातली इजारेदारी बंद करून पिकाच्या अंदाजावर सारा ठरवायची पद्धत लावली. पाणी आणि कर या दोन्ही गोष्टी एकाच कारभाऱ्याच्या नजरेखाली होत्या. पण तो 1626 मध्ये वारला आणि नंतरच्या राजवटींमध्ये इजारे परत आले. पुढे 1853 मध्ये सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्तेदार तालुकदारांच्या जागी पगारी तालुकदार नेमत नेले आणि 1865 मध्ये जिल्हाबंदी केली. आज आपण ‘जिल्हा’ म्हणतो त्या व्यवस्थेचा मराठवाड्यातला पाया तो. जमिनीचा सारा गुत्त्यातून सुटला, पण दारूचा गुत्ता विसाव्या शतकातही चालूच राहिला. आणि आठवडी बाजाराची वसुली? ती अनेक गावांत आजही लिलावानं दिली जाते. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला पावती देणारा माणूस नगरपरिषदेचा की लिलाव घेणाऱ्याचा, हे तिला विचारून बघा.

आता शहराकडे येऊ. औरंगाबादची नगरपालिका 1936 ची. 8 डिसेंबर 1982 ला तिची महापालिका झाली आणि आजूबाजूची 18 गावं हद्दीत आली. पण पहिली निवडणूक 1988 मध्ये झाली. म्हणजे त्या गावांतल्या माणसांना शहराची हद्द आधी मिळाली आणि नगरसेवक सहा वर्षांनी.

शहरांच्या उत्पन्नाचा कणा होता जकात. राज्यातल्या नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली. महापालिकांमध्ये 2010 पासून टप्प्याटप्प्यानं तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी राज्यभर दुकानं बंद ठेवली. कर किती, यापेक्षा त्यांचा राग तपासणीच्या अधिकारावर जास्त होता : महापालिकेचा माणूस दुकानात येऊन वह्या बघणार, हे त्यांना नको होतं. ऑगस्ट 2015 पासून बहुतांश व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि 2017 मध्ये जीएसटी आला. त्यानंतर महापालिकेनं थेट नागरिकाकडून घ्यायचे मोठे पैसे उरले दोनच : मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. त्यामुळे सगळा राग या दोन बिलांवर येऊन बसला.

त्यातच ‘समांतर’ आली. जायकवाडीहून शहरापर्यंत दुसरी मोठी जलवाहिनी टाकायची, 792 कोटींची योजना, खासगी भागीदारीतून. 2011 मध्ये करार झाला. सप्टेंबर 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा आणि पाणीपट्टीची वसुली औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीकडे गेली. पाणीपट्टी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढायची हेही ठरलेलं होतं. बिल 4,050 रुपयांपर्यंत चढलं, पाणी मात्र अनेक वस्त्यांत कित्येक दिवसांआडच येत राहिलं. 2016 मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. कंपनी गेली, पण वाढलेला दर तसाच राहिला. 2022 मध्ये तो निम्म्यावर आणला गेला. दरम्यान 1,680 कोटींची नवी योजना आली आणि तिचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर माझे गाईड मला फाडून खातील. समांतरचा करार म्हणजे चंदूलालच्या काळातला इजारा नव्हे. इथे कंपनीनं काम करायचं होतं, नळ सांभाळायचे होते, आणि करार रद्द करणारी निवडून आलेली महापालिका होती. अधिकाऱ्यांची बाजूही आहे : जकात गेली, माणसं कमी, जलवाहिन्या जुन्या, आणि एवढा पैसा आणायचा कुठून? चंदूलालनंही हेच म्हटलं असतं. कंत्राट नेहमी पैशाच्या अडचणीतूनच येतं.

पण बिल भरणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. सौदा त्याच्या माघारी ठरला. दर वाढणार हे आधीच लिहिलेलं होतं, पाणी वाढेल की नाही याची खात्री नव्हती. तक्रार घेऊन गेलं की कंपनी महापालिकेकडे बोट दाखवणार आणि महापालिका कंपनीकडे. एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता, तेव्हा तर दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता. वर मार्च आला की थकबाकीदारांना शास्ती माफ, आणि ज्यानं वेळेवर भरलं त्याला वाटतं आपणच बावळट.

अशा माणसानं ‘गुत्तेदार’ म्हटलं तर त्याला तुम्ही अडाणी म्हणाल? त्याला सालारजंग माहीत नसतील. पण पैसे देणारा आणि हिशेब देणारा यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा आहे, हे त्यानं अचूक ओळखलंय.

म्हणून ‘लोकांना सवय नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. सवय लावायची तर आधी हिशेब दाखवावा लागतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की अशी माहिती सरकारी कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करावी. माझी मागणी साधी आहे : पाणीपट्टीच्या बिलाच्या मागच्या बाजूला करार कुणाशी, किती वर्षांचा, दर का वाढला आणि तुमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी, एवढं मराठीत छापा. कागदाची ती बाजू बऱ्याचदा कोरीच असते.

मैत्रिणीला हे सगळं सांगेपर्यंत रात्र झाली. ती म्हणाली, “मग आमच्याकडे ठेकेदार म्हणतात, त्याचा इतिहास?” तो पुण्याच्या कुणीतरी लिहावा. तुमच्या गावात बाजाराच्या वसुलीला काय म्हणतात आणि ती कोण करतं, हे मात्र मला नक्की कळवा. जुन्या पावत्या घरात पडल्या असतील तर रद्दीत घालू नका, आधी मला दाखवा.